श्वानदंशावरील जोडऔषध

पिसाळलेला कुत्रा चावला म्हणजे नुसत्या लशीने भागत नाही. लशीचा गुण यावयास दिवस लागतात. तोवर विषाणू मज्जातंतूंत शिरतो. म्हणून जखमेतच तयार प्रतिपिंडे टोचावयाची. ती घोड्याच्या वा माणसाच्या रक्तातून काढीत. पहिल्यांची कित्येकांस बाधा होई, दुसरी महाग व दुर्मिळ. पुण्याच्या सीरम संस्थेने २०१७ साली प्रयोगशाळेत निपजविलेले एकच प्रतिपिंड बाजारात आणिले. पण एकच जागा धरणारास विषाणू ती जागा बदलून हुलकावणी देऊ शकतो. २०१९ साली अहमदाबादच्या झायडसने निराळ्या दोन जागा धरणाऱ्या प्रतिपिंडांची जोडी काढिली. दोन्ही एकदम बदलणे अवघड. अशक्य मात्र नव्हे. मे २०२१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने आणिलेली कोविडवरील अशीच जोडी वर्षअखेरीच्या ओमायक्रॉनापुढे निष्प्रभ ठरली.