इंद्रायणीत बुडालेली खतं

इ. स. १६३०. पावसाने पाठ फिरवली आहे. तुम्ही देहूत, इंद्रायणीच्या कोरड्या पात्रात उभे आहात. शेजारी एक बाई वाळूत झरा खणून करवंटीने पाणी उपसते आहे. करवंटीभर पाणी साचेपर्यंत तिला थांबावं लागतं. घागर अजून पावही भरलेली नाही.

गावात तुकोबांच्या महाजन घराण्याचं दुकान उघडं आहे, पण तराजूच्या पारड्यांत धूळ साचली आहे. विशी नुकतीच ओलांडलेले तुकोबा उंबऱ्यात बसलेत. आईवडील आधीच गेले, धंद्याचं दिवाळं निघालं. आता थोरली बायको रखमाबाई भुकेने गेली, घास मागत गेली. पाठोपाठ लहानगा मुलगा संतूही गेला.

"भोग असतात बाबा, फेडावेच लागतात," कुणीतरी समजूत घालतं.

तुमच्याकडेही उत्तरं आहेत. दुःखाशिवाय सुख कळत नाही, देवाने माणसाला स्वातंत्र्य दिलंय, आपल्याला त्याची योजना दिसत नाही. संतूची पालथी घातलेली वाटी दिसते आणि तुम्ही गप्प बसता. त्या वाटीसमोर बोलता येत नाही असं उत्तर खरं असलं, तरी पुरेसं नाही.

तुम्ही विठ्ठलाच्या देवळात जाता. तुकोबांचे पूर्वज विश्वंभरबाबा यांचं हे देऊळ पडायला आलंय. कटेवर हात ठेवून देव उभा आहे. तू चांगला आहेस ना, मग हे का? तुम्ही विचारता. तो काही बोलत नाही.

दिवस जातात. तुकोबा डोंगरावर एकटे बसतात, पुन्हा गावात येतात. मग संतचरित्रकार महिपतींनी पुढे लिहून ठेवलेला प्रसंग तुमच्या डोळ्यांपुढे घडतो. आता नदीला पाणी आहे. काठावर कर्जखतांचा गठ्ठा सोडला जातो. धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याचा अर्धा वाटा मिळतो. उरलेली खतं तुकोबा डोहात सोडतात. कागद आधी तरंगतो, मग कडेने भिजून जड होतो. मोडीतल्या ओळी, गहाण टाकलेली शेतं, चढलेलं व्याज, सगळं खाली जातं.

पाऊस का पडला नाही, हे त्यांना ठाऊक नाही. पण दुष्काळातून जगलेल्या कुणब्याला उद्या जे पिळणार होतं, ते त्यांच्याच घरात होतं. तेवढं त्यांनी बुडवलं.

मग ते देऊळ दुरुस्त करायला घेतात. विठ्ठलाशी त्यांचं भांडण मिटलेलं नाही. अभंगांतून ते त्याला निष्ठुर म्हणतील, जाब विचारतील, आणि त्याच्याच दारात उभे राहतील. मला वाटतं, श्रद्धा ती हीच. उत्तर नसताना देवाला सोडायचं नाही आणि त्याच्या नावाने दुःखाला बरंही म्हणायचं नाही.

नदीवर ती बाई आली आहे. तिच्या घरचं खतही त्या गठ्ठ्यात होतं. ती वाकते, आणि घागर एका बुडकीत भरते.