पाळी बदलण्याआधी

जळकोटच्या रस्त्याने पश्चिमेस गेले की सोलापूर लागते. तेथली जुनी गिरणी 1877 साली सुरू झाली आणि माणसाचा दिवस सूर्याऐवजी भोंग्यावर चालू लागला. पाळी बदलणे ही मालकाला वहीतली एक रेघ वाटते. कामगाराच्या घरी मात्र चूल, झोप, लेकरांची शाळा, सारेच हलते.

मुंबईत 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पण 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि कामाचा दिवस कुठेकुठे 15 तासांपर्यंत ताणला गेला. 1911 च्या कायद्याने कापडगिरण्यांत 12 तासांची मर्यादा घातली. पण कामगाराला आधी विचारण्याचे काय?

1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने ते बंधन घातले: बदल हवा तर कामगारांच्या प्रतिनिधीला सूचना द्या, वाटाघाट करा. औद्योगिक विवाद कायद्यात 1956 साली 21 दिवसांची सूचना आली. स्थायी आदेशांत न बसणारा पाळीबदलही तिच्या कक्षेत होता. 2020 च्या संहितेनेही तीच मुदत राखली.

वाचकहो, दिवाळीच्या पहाटे घरी अभ्यंगस्नान चालू असताना एखादा बाप रातपाळीवर असेलही. पण ते त्याच्या लेकरांना आधी ठाऊक असावे, एवढेच न्यायाचे मागणे आहे.