वेगाचा आकडा आणि कामाचा वेग



मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या कामगारांची कित्येक मुले आज संगणकावर लग्नपत्रिका, दुकानांचे फलक आणि कपड्यांवरची नक्षी तयार करून चार पैसे मिळवितात, आणि रात्री त्याच यंत्रावर खेळ खेळतात. यंत्र मंदावले की, 'नवा प्रोसेसर कोणता घ्यावा?' हा प्रश्न घरात उभा राहतो. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. कंत्राटी कामगाराचा महिन्याचा पगार या एवढ्याशा तुकड्यात सहज जिरतो; म्हणून हा प्रश्न पोराटोरांचा समजून सोडून देता येत नाही. त्याचे उत्तर दुकानातल्या फलकापेक्षा गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या इतिहासात अधिक स्पष्ट सापडते.

या इतिहासाचा एक धागा आपल्या पुण्याशी जुळलेला आहे. विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. फाळणीच्या वेळी त्यांच्या वडिलांना रावळपिंडी सोडावी लागली होती. निर्वासितांनी वसविलेल्या उल्हासनगरच्या शेजारी राहणाऱ्या आपणांस ही कहाणी परकी वाटू नये. पुढे अमेरिकेत इंटेल कंपनीत त्यांनी पेंटियमच्या उभारणीत पुढारपण केले. १९९३ साली बाजारात आलेल्या त्या प्रोसेसरात ३१ लाख ट्रान्झिस्टर होते. १९७१ सालच्या इंटेल ४००४ मध्ये ते अवघे २,३०० होते. अर्थात असे काम एकट्या माणसाचे नसते. त्यामागे शेकडो जणांचे हात असतात.

पेंटियमनेच गिऱ्हाइकास पहिला धडा दिला. १९९४ साली थॉमस नाइसली या अमेरिकन गणिताच्या प्राध्यापकास असे आढळले की, काही विशिष्ट भागाकारांत हा प्रोसेसर चुकीचे उत्तर देतो. ज्यांना अचूकतेची गरज आहे असे सिद्ध होईल त्यांनाच बदलून देऊ, अशी कंपनीची प्रथम भूमिका होती. पण ओरड एवढी झाली की, २० डिसेंबर १९९४ रोजी मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे तिने जाहीर केले, आणि त्यापायी साडेसत्तेचाळीस कोटी डॉलरचा बोजा सोसला. विखुरलेले गिऱ्हाईक एका सुरात बोलले म्हणजे काय होते, हे संघटनेत काम करणाऱ्याला निराळे सांगावयास नको.

दुसरा धडा १९९७ सालचा. धाम १९९५ मध्ये इंटेल सोडून नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीने विकत घेतली, आणि तिच्या आराखड्यातून के-६ हा प्रोसेसर जन्मास आला. त्याच वर्षी इंटेलने पेंटियम २ काढला. पण तो जुन्या मदरबोर्डावर बसत नसे, म्हणजे सगळाच संच बदलणे आले. के-६ मात्र पेंटियमच्या जुन्याच सॉकेटात बसे आणि स्वस्तही पडे. कचेरीच्या कामात तो उत्तम चाले. परंतु १९९६ साली आलेला 'क्वेक' हा खेळ अपूर्णांकांच्या आकडेमोडीवर फार विसंबून होता, आणि नेमक्या त्या आकडेमोडीत के-६ पेंटियमच्या मागे पडे. यंत्र एकच, एका कामात पुढे, दुसऱ्यात मागे. तेव्हा 'चांगला प्रोसेसर कोणता?' या प्रश्नास 'कशासाठी?' ही जोड दिल्यावाचून अर्थ येत नाही.

तिसरा धडा आकड्यांचा. प्रोसेसर घड्याळाच्या ठोक्यावर चालतो, आणि ते ठोके गिगाहर्ट्झमध्ये मोजतात. २००० सालच्या पेंटियम ४ चे ठोके जलद होते, पण दर ठोक्यास काम कमी होई, त्यामुळे १.५ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला १ गिगाहर्ट्झचा जुना पेंटियम ३ काही कामांत मागे टाकी. ठोके वाढवीत गेले तशी उष्णता आवरेना, आणि २००४ साली इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा बेत सोडून दिला. २००५ पासून एकाच तुकड्यात दोन कोअर, म्हणजे दोन मेंदू, येऊ लागले. पुढे चार, आठ, सोळा झाले.

गिरणीतल्या माणसास हा हिशेब नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. एकेका माणसावर अधिक साचे लादण्याची योजना हे त्याचे एक मोठे कारण होते. साचे वाढविले म्हणून कापड त्याच प्रमाणात वाढत नाही. सूत कच्चे असेल तर धागा तुटतो आणि साचा उभा राहतो. जीन अॅमडाल यांनी १९६७ साली संगणकाविषयी हेच दाखविले: कामाचा दहावा हिस्सा वाटून देता येत नसेल, तर हात कितीही वाढवा, वेग दहापटीपलीकडे जात नाही. त्रिमितीय चित्र रेंडर करताना सारे कोअर राबतात. साधी रेखाकृती काढताना बहुधा एकच राबतो आणि बाकीचे बसून राहतात.

सूत वेळेवर पोचणेही तितकेच महत्त्वाचे. २०२२ साली एएमडीने रायझन ७ ५८००एक्स३डी काढला. त्याचे ठोके त्याच्याच जोडीच्या ५८००एक्सपेक्षा कमी. पण प्रोसेसराजवळचे कोठार, म्हणजे कॅश, ३२ ऐवजी ९६ मेगाबाइटचे. पुष्कळ खेळांत तो पुढे गेला, रेंडरिंगमध्ये मात्र त्या कोठाराचा लाभ झाला नाही. शिवाय बायोस अद्ययावत केल्यावर तो कित्येक जुन्या मदरबोर्डांवर बसला. पंचवीस वर्षांनी के-६चीच गोष्ट फिरून घडली, फक्त या वेळी बाजी खेळाकडे गेली.

म्हणून खरेदीपूर्वी आपले नेहमीचे काम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडावा. एकच कोअर पुरा गुंतला असेल, तर जलद कोअर हवा. सगळे गुंतले असतील, तर अधिक कोअर हवेत. प्रोसेसर मोकळा असून यंत्र अडत असेल, तर अडचण ग्राफिक्स कार्डात, रॅममध्ये किंवा डिस्कमध्ये शोधावी. मग आपल्या मदरबोर्डावर कोणते प्रोसेसर चालतात, ती यादी त्याच्या कंपनीकडे पाहावी. एवढे केल्याशिवाय हप्त्याच्या कागदावर सही करू नये. कामाचे मोजमाप आधी आणि करार मागाहून, हा आमच्या चळवळीचा जुना नियम आहे. तो दुकानाच्या दारातही तितकाच उपयोगी पडतो.