‘सापेक्ष भाषिक बहुसंख्या’ : एका संज्ञेचा इतिहास आणि अर्थ

सीमाप्रश्नावरील कोणतेही निवेदन उघडले, तरी चार तत्त्वे ठरलेल्या क्रमाने समोर येतात : खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. पहिली दोन सहज समजतात, चौथे सभेत टाळ्या मिळवते. तिसरे मात्र आपण पाठ म्हणतो. त्याचा अर्थ विचारला, तर बहुधा ‘बहुमत’ एवढेच उत्तर मिळते. ‘रिलेटिव्ह लिंग्विस्टिक मेजॉरिटी’ या इंग्रजी सामासिक पदाचा तो अर्थ नव्हे. ज्या पदावर शेकडो गावांची मागणी उभी आहे, ते तपासून पाहिलेच पाहिजे.

प्रथम शेवटचा शब्द. इंग्रजीत ‘मेजॉरिटी’ एकच. मराठीत मात्र ‘बहुमत’ आणि ‘बहुसंख्या’ असे दोन शब्द आहेत. बहुमत मतदानातून सिद्ध होते, बहुसंख्या शिरगणतीतून. सीमामागणीत शिरगणतीचे तत्त्व तिसरे आहे आणि लोकांच्या इच्छेचे चौथे. तिसऱ्या ठिकाणी ‘बहुमत’ लिहिले, की दोन स्वतंत्र आधारांचा एकच होतो आणि आपल्याच हाताने आपला एक पुरावा कमी होतो.

दुसरा शब्द ‘सापेक्ष’. एक काल्पनिक गाव घेऊ. लोकसंख्या 1000; मराठी भाषक 460, कन्नड 340, उर्दू 150, इतर 50. येथे कोणत्याही भाषेला निम्म्याहून अधिक, म्हणजे निरपेक्ष, बहुसंख्या नाही. तरीही इतर प्रत्येक भाषेच्या तुलनेत मराठी मोठी आहे. हीच सापेक्ष बहुसंख्या. ‘गावातील 54 टक्के लोक मराठी नाहीत’ हे विधान गणिताने खरे असले, तरी निर्णायक नाही. कारण ते 54 टक्के एका भाषेचे नाहीत. त्याच न्यायाने 66 टक्के लोक कन्नड नाहीत. आपल्या निवडणुकांत 40 टक्के मते मिळवणारा उमेदवारही विजयी ठरतो, तो याच मोजमापाने. ‘सापेक्ष’ म्हणजे डळमळीत नव्हे. कशाच्या तुलनेत, ते सांगणारा हा शब्द आहे.

या पदाला महत्त्व का आले, हे राज्य पुनर्रचनेच्या इतिहासात दिसते. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या आयोगाने 1955 साली अहवाल दिला. सीमा आखताना त्यांनी सामान्यतः जिल्हा हा घटक धरला. राज्य एकभाषी मानण्यासाठी 70 टक्क्यांच्या आसपासचे प्रमाण त्यांनी सुचवले. घटक मोठा आणि कसोटी उंच असली, की सीमेवरचा मिश्र पट्टा हिशेबातून निसटतो. बेळगाव जिल्हा म्हैसूरकडे गेला तो असाच. मात्र त्याच जिल्ह्याचा चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. जिल्हा तोडता येत नाही, असे त्यामुळे म्हणता येणार नाही. प्रश्न उरला तो किती खालपर्यंत जायचे, एवढाच.

त्याचे उत्तर आंध्र आणि मद्रास यांच्या तंट्यात मिळाले. तेथे मध्यस्थ होते हरि विनायक पाटसकर. केंद्रात विधिखात्याचे मंत्रिपद सांभाळलेले हे मराठी गृहस्थ 1957 पासून मध्य प्रदेशाचे राज्यपाल होते. त्यांनी खेडे हा घटक मानून भाषा आणि सलगता यांच्या आधारे सीमा सुचवली. 1959 साली संसदेने तसा कायदा केला आणि 1 एप्रिल 1960 पासून तो अमलात आला. तिरुत्तणी मद्रासकडे गेले, तर चिंगलपुट व सेलम जिल्ह्यांतील काही गावे आंध्रकडे. महाराष्ट्राने पुढे ज्याला ‘पाटसकर सूत्र’ म्हटले, त्याचा हा पाया. उत्तरेची सीमा एका न्यायाने आणि दक्षिणेची दुसऱ्या न्यायाने का, हा मराठी भाषकांचा प्रश्न त्यातूनच उभा राहिला.

महाजन आयोगाने 1967 च्या अहवालात निपाणी, खानापूर, नंदगडसह 264 गावे महाराष्ट्राला सुचवली आणि अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर भागांतील 247 गावे कर्नाटकाला. बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवले. महाराष्ट्राने हा अहवाल नाकारला. 2004 पासून राज्याचा मूळ दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

हे तत्त्व दुधारी आहे, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. महाराष्ट्राने 814 गावांची मागणी करताना कन्नड भाषकांची 260 गावे देऊ केली होती. आपल्याला लागू तोच नियम दुसऱ्यालाही लागू, ही तयारी त्या मागणीची नैतिक ताकद होती.

राहिला मधला शब्द, ‘भाषिक’. तो सर्वांत नाजूक. कारवार, सुपे, हल्याळ येथे कोकणी भाषकांना मराठीच्या रकान्यात धरायचे की वेगळे, यावर सापेक्ष बहुसंख्या कोणाची हे बदलते. 1992 साली कोकणीला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. त्यानंतर हा प्रश्न केवळ जुन्या गणतीच्या आधारे सुटणारा नाही. तेथे कोकणी भाषकांच्या इच्छेला, म्हणजे चौथ्या तत्त्वालाच, अधिक वजन द्यावे लागेल.

शेवटी व्यवहाराची गोष्ट. सापेक्ष बहुसंख्या हा भूप्रदेश कोणाचा, हे ठरवण्याचा निकष आहे. मराठीतून कागदपत्रे मागण्यासाठी तिची गरज नाही. ज्या तालुक्यात वा नगरपालिकेच्या हद्दीत अल्पसंख्याक भाषा बोलणारे 15 टक्के असतील, तेथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे 1961 च्या मुख्यमंत्री परिषदेने मान्य केले होते. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी संविधानाचे कलम 350 अ आहे. दाव्याच्या मजकुरात ‘सापेक्ष भाषिक बहुसंख्या’ लिहावे. तहसील कार्यालयाच्या अर्जात मात्र 15 टक्क्यांचा उल्लेख करावा. अर्जात बहुसंख्येचा वाद घातला, तर अधिकारी ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ असे सांगून अर्ज परत करू शकतो. 15 टक्क्यांच्या मागणीला ते उत्तर लागू पडत नाही.