इंटरसेप्टरची कुळकथा

दूरच्या यंत्रावरील प्रोसीजर आपल्याच यंत्रावर नांदत आहे अशा भरवशाने तिला हाक घालावी, या कल्पनेस ज्या निबंधाने प्रतिष्ठा मिळवून दिली, तो झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातल्या अँड्र्यू बिरेल व ब्रूस नेल्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या रचनेत दोन्ही टोकांस ‘स्टब’ नामक मध्यस्थ होते. विनंतीचे गाठोडे बांधावे, पलीकडे ते सोडावे, आणि या उठाठेवीची वार्ता खुद्द प्रोसीजरच्या कानी जाऊ देऊ नये, हीच त्यांची नेमणूक. परंतु हाक घालणारा कोण, त्यास अखत्यार आहे काय, कामास वेळ किती लागला, हे प्रश्न उरलेच. आणि प्रत्येक प्रोसीजरच्या आरंभी त्यांची तजवीज पुनःपुन्हा करण्याचे कारकुनी काम प्रोग्रामरच्या माथी आले.

त्यासाठी देवडीवर स्वतंत्र अंमलदार नेमण्याची रीतसर तरतूद ‘कॉर्बा’ या प्रमाणकात झाली. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने त्यात कालांतराने हा अंमलदार ‘पोर्टेबल इंटरसेप्टर’ या नावाने दाखल केला. सुरक्षा व ट्रॅन्झॅक्शन यांची माहिती विनंतीसोबत वाहून न्यावी, ही त्यामागील निकड. सर्व्हरच्या बाजूस त्याचे पाच मुक्काम ठरले, विनंती येताना दोन आणि परतीच्या वाटेवर तीन. अधिकार मात्र बेताचे. विनंती नाकारावी किंवा अन्यत्र धाडावी, पण तिच्या मजकुरास हात लावू नये आणि पदरचे उत्तर देऊ नये. हा संकोच मला समंजस वाटतो, जरी पुढील पिढीने तो मानला नाही.

गूगलने ‘स्टबी’ या आपल्या अंतर्गत प्रणालीच्या अनुभवावर उभारलेले जीआरपीसी हे अशाच दूरच्या हाकांचे साधन २०१५ मध्ये सर्वांस खुले केले. त्याच्या गो भाषेतील आवृत्तीत सर्व्हरच्या साध्या इंटरसेप्टरच्या हाती चार वस्तू पडतात: संदर्भ, विनंती, पद्धतीचे नाव सांगणारी माहिती, आणि अखेरीस खुद्द हँडलर, म्हणजे मागितलेले काम करणारी प्रोसीजर. हे शेवटचे दान मोठे जोखमीचे. टोकन तपासून, घड्याळ पाहून हँडलरास बोलवावे व परतल्यावर लागलेला वेळ टिपावा, हा सरळ मार्ग; पण त्यास न बोलवताच १६ क्रमांकाची, ओळख न पटल्याची, त्रुटी परत धाडता येते, नव्हे, स्वतःचे उत्तरही देता येते. संदेशांची रांग वाहणाऱ्या स्ट्रीमसाठी मात्र निराळा इंटरसेप्टर लागतो. पहिला नेमून दुसरा विसरलात, तर स्ट्रीमच्या सर्व पद्धतींस मागील दार सताड उघडे.

आरंभी गोमध्ये एकाच इंटरसेप्टरची जागा होती, दुसरा नेमू जाताच सर्व्हर उभा राहण्यापूर्वीच कोसळे. साखळीची सोय नंतरची. या साखळीत आधी लिहिलेला सर्वांत बाहेर उभा राहतो, तर जावाच्या सर्व्हर-बिल्डरमध्ये शेवटी जोडलेला प्रथम धावतो. त्यामुळे ‘आधी नोंद, मग परवाना’ हीच यादी गोमधून जावात जशीच्या तशी उतरवली, की परवान्याचा पहारा बाहेर येतो आणि नाकारलेल्या विनंत्यांची नोंद दप्तरी होतच नाही.