ला रोश-झाग्यू

ला रोश-झाग्यू : फ्रान्समधील ब्रिटनी प्रदेशातली मध्ययुगीन गढी. कोत-दार्मोर विभागात, प्लोएझाल गावाच्या हद्दीत, त्रियो नदीच्या डाव्या तीरावरील कड्यावर ती उभी आहे. येथवर नदीत समुद्राच्या भरतीचे पाणी चढते. वरच्या अंगाला असलेल्या पाँत्रियो बंदराकडे जाणारी गलबते या कड्याखालूनच जात. या खोऱ्यात एके काळी दहा किल्ले होते असे सांगतात. त्यांपैकी हीच वास्तू धड उरली आहे.

पूर्वीचा कोट : या जागी अकराव्या शतकात कोट होता, असे मानले जाते. ब्रिटनीच्या वारसायुद्धात (1341–64) येथील ठाणे नष्ट झाले.

उभारणी : त्या युद्धात माँफोर घराणे जिंकले, तरी हा मुलूख पराभूत पँत्येव्र घराण्याच्या वजनाखालीच राहिला. 1405 मध्ये येथील मालकीण कातरिन द त्रोगँदी हिने माँफोर घराण्यातील ड्यूक ज्याँ पाचवा (कारकीर्द 1399–1442) याच्याकडून तटबंदीचे घर बांधण्याची परवानगी मिळवली. तटबंदी उभारायला ड्यूकची संमती लागे आणि ती सहजासहजी मिळत नसे. पँत्येव्रांच्या दारात, नदीवर नजर ठेवणारे विश्वासाचे ठाणे ड्यूकला हवे होते, असा या परवानगीचा अर्थ लावला जातो. 1420 मध्ये पँत्येव्रांनी ज्याँला दगा देऊन कैद केले, यावरून त्याची धास्ती अनाठायी नव्हती हे दिसते.

वास्तू : गढीचे खरे महत्त्व तिच्या रचनेत आहे. एकाच लांबट, उंच इमारतीला परस्परविरोधी दोन दर्शनी भाग आहेत. पूर्वेचा, नदीकडचा भाग लढाऊ असून त्याच्या माथ्याशी पहाऱ्याची फांजी आहे. पश्चिमेला, अंगणाच्या बाजूला मात्र रुंद खिडक्या आणि जिन्याचा बुरूज असा राहत्या घराचा थाट आहे. आत 19 शेकोट्या मोजतात. छपरावरची नक्षीदार दगडी धुराडी दुरूनही नजरेत भरतात. संरक्षणाला मुळीच उपयोगी नसलेल्या या धुराड्यांवर एवढे कोरीवकाम व्हावे, ही बाब लक्षणीय आहे. खोल्याखोल्यांतून शेकोटी पेटवण्याची ऐपत त्यांतून गावाला आणि नदीवरच्या प्रवाशालाही दिसत असे. किल्ल्याकडून वाड्याकडे होणारे स्थित्यंतर ब्रिटनीत एकाच इमारतीत इतके स्पष्ट क्वचितच आढळते. केवळ तटबुरुजांच्या मापाने ही वास्तू जोखणारे वर्णन म्हणूनच अपुरे ठरते.

मालकी : मालकी बरीचशी विवाहसंबंधांतून फिरत गेली. नंतरच्या मालकांत आसिन्ये घराण्याचे नाव येते. आन-मार्गरीत द आसिन्ये हिचा विवाह 1684 मध्ये दुसऱ्या रिशल्यू ड्यूकशी झाला आणि गढी त्या घराण्याकडे गेली. योगायोग असा की, याच घराण्यातील कार्डिनल रिशल्यू मंत्री असताना 1626 मध्ये नांत येथे राजाज्ञा निघाली व सरहद्दीवर नसलेले किल्ले पाडण्याचा हुकूम सुटला होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिशल्यूंनी ही मालमत्ता ल गोनिदेक घराण्याला विकली.

फ्रेंच राज्यक्रांतीचा काळ : या काळातही इमारत बचावली.

विसावे शतक : 1930 मध्ये गढीला संरक्षित ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. 1958 मध्ये व्हायकाउंट दालेस याने ती विभागाला (त्या वेळचे नाव कोत-द्यु-नोर) दान केली. त्यानंतर मोठी डागडुजी झाली. 15–16 ऑक्टोबर 1987 च्या रात्री वादळाने भोवतालची वनराई भुईसपाट केली. जुनी झाडी तशीच पुन्हा न लावता बेर्त्राँ पोले या उद्यानरचनाकाराने नव्या आराखड्याचे उद्यान आखले. विणलेल्या कुंपणांचे वाफे, औषधी वनस्पती आणि पाण्याचे प्रवाह यांत मध्ययुगीन बागेची आठवण ठेवली आहे; ती हुबेहूब प्रतिकृती नव्हे. उद्यानाला फ्रान्समधील ‘उल्लेखनीय उद्यान’ हा दर्जा आहे. गढीत प्रदर्शने भरतात.