वऱ्हाडातील संगीत-परीक्षा : शाळेचा दाखला आणि प्रौढांची श्रेणी

१८५३ साली निजामाच्या अमलातून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेल्या वऱ्हाडात अर्ज, दाखला आणि हजेरीपट यांची शिस्त लवकर रुजली. परंतु गायनवादनाची विद्या मात्र दीर्घकाळ देवळाच्या सभामंडपात, भजनी मंडळात आणि गुरुगृहीच राहिली, व तिची नोंद कोणत्याही दप्तरात नसे. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीला कोणी परीक्षक लागला नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, आणि १९३१ साली त्यांचे निधन झाल्यावर त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी जे मंडळ उभारले, त्याची प्रारंभिकापासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद व अलंकार अशी चढती श्रेणी आज अमरावती-अकोल्याच्या संगीतवर्गांत सर्वपरिचित आहे. शाळा-महाविद्यालयातील संगीत हे अनेक विषयांपैकी एक. त्याला वय, वर्ग आणि उपस्थिती यांचे कुंपण असते. १९२३ चे नागपूर विद्यापीठ काय किंवा १९८३ चे अमरावती विद्यापीठ काय, त्यांच्या पदवीचा मार्ग त्या कुंपणातूनच जातो. मंडळाच्या परीक्षेस मात्र निवृत्त कारकून आणि सातवीतला मुलगा एकाच प्रश्नपत्रिकेपुढे बसू शकतात.

ही प्रश्नपत्रिका प्रौढास सोपी जाते, असा माझा समज आहे. रागाचे आरोह-अवरोह, वादी-संवादी, पंडित भातखंडे यांचे दहा थाट, पलुस्कर व भातखंडे यांच्या स्वरलिपींतील भेद, तालाची दुगुण लिहिणे, हे सारे पक्व बुद्धीला चटकन उमगते. गळा आणि बोटे मात्र तेवढी आज्ञाधारक राहिलेली नसतात. मुलांचे नेमके उलट. लंडनच्या १८८९ साली स्थापन झालेल्या संगीत-परीक्षामंडळात केवळ शास्त्राची लेखी परीक्षाही स्वतंत्रपणे देता येते. आपल्याकडे लेखी व प्रात्यक्षिक ही एकाच परीक्षेची दोन अंगे. ही व्यवस्था कठोर असली तरी मला योग्य वाटते, कारण ज्याने यमन गायिलाच नाही त्याने त्याचे वर्णन लिहून गुण मिळवणे विद्येला शोभत नाही.

अलीकडे शालान्त परीक्षेत शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी सवलतीचे गुण मिळू लागल्यापासून शाळेची आणि मंडळाची या दोन वाटा एकमेकींत मिसळल्या आहेत. मुलांची गर्दी वाढली, हे चांगलेच. परंतु गुणपत्रिका हाती येताच पेटी मिटवणारेही त्यांत असतात. चाळिशीनंतर प्रवेशिकेचा अर्ज भरणाऱ्यापुढे असला लोभ नसतो. परीक्षेचे हिवाळी सत्र ऐन कापसाच्या हंगामात आले, तरी जिनातला हिशेब आटोपून तो रियाजाला बसतो.